दादासाहेब फाळके आणि कॉरोनेशनचें चित्रगृह

आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील क्रांती चौकावरून दररोज हजारों माणसें जातात येतात. त्या स्थळास पूर्वीं काळा चबुतरा म्हणत असत. १८५७ सालच्या उठावांत येथील छावणींतल्या ज्या शिपायांनीं भाग घेतला, त्यांच्या देहदंडाची आठवण त्या स्थळाशीं निगडित आहे, आणि नवें नांव देतांना लोकांनीं ती आठवण नांवांत राखून ठेविली. सर्वच स्थळांचें दैव इतकें चांगलें नसतें. मुंबईस गिरगांवांत सँडहर्स्ट रस्त्यावर कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ नांवाचें एक चित्रगृह होतें. त्या रस्त्यास आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. रस्त्याचें जुनें नांव गेलें, चित्रगृहही गेलें. परंतु ३ मे १९१३ रोजीं त्या घराच्या पडद्यावर जें दिसलें, त्यापासून आपल्या देशांत एक नवी कला व एक नवा धंदा यांचा उगम झाला. ज्या पुरुषानें तें घडवून आणिलें, त्याचें चरित्र आज आम्ही आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों. चित्रपटासारखा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांच्या मनांत येईल. त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं हें चरित्र शेवटपर्यंत वाचावें.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वर क्षेत्रीं ३० एप्रिल १८७० रोजीं झाला. पुढें सर्व लोक त्यांस दादासाहेब म्हणूं लागले. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते, आणि मुलानेंही शास्त्राध्ययन करून घराण्याची परंपरा चालवावी ही त्यांची साहजिक इच्छा होती. मुलाचें लक्ष मात्र रंग, माती व सोंगें यांकडे अधिक. दैवयोग असा कीं, दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली व कुटुंब मुंबईस आलें. हें कॉलेज स्कॉटलंडमधील मिशनऱ्यांनीं स्थापिलेलें. वेदविद्येचा शास्त्री मिशनच्या कॉलेजांत शिकवावयास जातो, आणि त्यामुळेंच त्याच्या मुलास मुंबईच्या चित्रशाळेचें दार उघडतें, हा योग आम्हांस मोठा कौतुकाचा वाटतो. १८८५ सालीं धुंडिराज सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. तेथून वडील बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले, आणि त्या संस्थानच्या प्रसिद्ध कलाभवनांत त्यांनीं तैलरंग व जलरंग यांचें चित्रण, मूर्तिकाम, वास्तुरेखन, छायाचित्रण असे नाना विषय शिकून घेतले. १८९२ सालीं अहमदाबाद येथें भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनांत आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृति करून ठेवल्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालें. ज्या नाट्यगृहाची त्यांनीं वयाच्या बावीसाव्या वर्षीं कल्पना केली, तें कोणीं बांधलें नाहीं; पण प्रेक्षक कोठें बसावा, पडदा कोठें असावा, उजेड कोठून यावा, हा विचार त्यांच्या मनांत तेव्हांपासून होता एवढें यावरून दिसतें.

विद्या पुष्कळ झाली, परंतु पोटाचा प्रश्न सुटेना. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रें काढण्याचें दुकान घातलें. तेथें प्लेग आला, आणि त्यांत त्यांची पत्नी व मूल हीं दोघेंही गेलीं. दुःखी होऊन ते बडोद्यास परतले. तेथें पुन्हा दुकान घातलें, तों लोकांत अशी समजूत पसरलेली कीं, यंत्रापुढें बसलें असतां तें अंगांतील शक्ति ओढून घेतें व मनुष्य लवकर मरतो! मग नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवावे, ठसे करावे, असे दिवस काढणें आलें. एका परदेशी जादूगाराकडून त्यांनीं हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं फिरवून प्रोफेसर केल्फा या नांवानें ते जादूचे खेळ करूं लागले. शास्त्रीबोवांच्या मुलानें जादूगार व्हावें हें त्या काळच्या आप्तेष्टांस रुचलें नसेल हें उघड आहे. परंतु पुढें पडद्यावर देव अंतर्धान पावूं लागले, राक्षसांचीं शिरें उडूं लागलीं, तेव्हां हीच जादू त्यांच्या उपयोगी पडली.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह करंदीकरांच्या कन्येशीं झाला. सासरीं त्यांचें नांव सरस्वती ठेवण्यांत आलें. पुढील वर्षीं फाळक्यांना सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून नोकरी मिळाली. पगार ठरलेला, काम आवडीचें. दुसरा कोणी असता तर पेन्शन होईपर्यंत तेथेंच राहता. स्वदेशीचे वारे वाहूं लागले तेव्हां, १९०६ च्या सुमारास, ती नोकरी त्यांनीं सोडिली व लोणावळ्यास ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढिला. राजा रविवर्मा यांच्या देवदेवतांच्या चित्रांच्या छपाईसाठीं तेथें काम होऊं लागलें. पुढें कारखाना दादर येथें आला, त्याचें नांव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असें झालें, आणि रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यास १९०९ सालीं फाळके जर्मनीस जाऊन आले. कारखान्याची कीर्ति झाली, पैसा मिळूं लागला, तोंच भागीदारांशीं पटेनासें झालें. फाळके अंगावरच्या वस्त्रांनिशीं बाहेर पडले. दुसऱ्या कोणीं भांडवल देऊं केलें, तरी जुन्या भागीदारांशीं स्पर्धा करावयाची नाहीं म्हणून त्यांनीं तें घेतलें नाहीं. हा मानी स्वभाव त्यांस जन्मभर नडला.

येथें वाचकांनीं त्या काळची मुंबई डोळ्यांपुढें आणावी. ७ जुलै १८९६ रोजीं फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनीं वॉटसन हॉटेलांत प्रथम हलतीं चित्रें दाखविलीं. नाटकगृहांसाठीं सरसामान विकणारे आणि छायाचित्रें काढणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनीं विलायतेहून यंत्र मागवून १८९९ सालीं कुस्तीचें चित्र घेतलें. पुढें मैदानांत तंबू लागूं लागले, आणि नंतर गिरगांव व ग्रँट रोड भागांत कायम चित्रगृहें उभीं राहिलीं. चित्रें सर्व परदेशचीं. पडद्यावर आगगाडी धांवे, साहेब घसरून पडे, गोरीं माणसें टोप्या काढून नमस्कार करीत. शब्द नसल्यामुळें भाषेची अडचण नव्हती. पडद्याजवळ कोणी पेटी वाजवी, कोणी तबला, आणि यंत्राचा खटखट आवाज त्यांत मिसळून जाई.

अशा एका चित्रगृहांत, गिरगांवांतल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें, १९११ सालीं ईस्टरच्या सुमारास फाळके जाऊन बसले. हातीं काम नाहीं, वय एकेचाळीस. त्या दिवसांत तेथें प्रभु येशूच्या चरित्रावरील चित्रपट दाखवीत होते. गव्हाणींतला जन्म, रोग्यांस बरें करणें, वधस्तंभ, सर्व कांहीं लोकांच्या डोळ्यांसमोर घडत होतें. तें पाहतां पाहतां फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढें गोकुळ, अयोध्या, यमुनेचा डोह हीं उभीं राहिलीं, आणि हिंदी लोक आपल्या देवांचीं चरित्रें याप्रमाणें पडद्यावर कधीं पाहतील या विचारानें त्यांस घेरलें. सरस्वतीबाईंना बरोबर नेऊन त्यांनीं तोच चित्रपट पुन्हा पाहिला, आणि घरीं परततांना आपला निश्चय त्यांना सांगितला. आपल्या देशांतील पौराणिक चित्रपटांचें मूळ अशा रीतीनें ख्रिस्तचरित्राच्या दर्शनांत आहे. ही गोष्ट फाळक्यांनीं स्वतः पुढें छापील लेखांत मोकळ्या मनानें लिहून ठेविली आहे.

निश्चय झाला, पण ती विद्या येथें कोणास येत होती? त्यांनीं पुस्तकें व मासिकें मागविलीं. एक खेळण्यावजा यंत्र मिळवून रात्रभर मेणबत्तीच्या उजेडांत भिंतीवर चित्रें पाडून पाहिलीं, आणि दिवसा चित्रगृहांतून चार-चार पांच-पांच तास बसून परदेशी चित्रांची तपासणी चालविली. झोंप नाहीं, काळजी फार. परिणाम असा झाला कीं, त्यांची दृष्टि गेली. चित्रें काढण्याचा ध्यास घेतलेल्या मनुष्यानें आंधळें होऊन घरीं बसावें, यापरता क्रूर योग कोणता! डॉ. प्रभाकर नांवाच्या नेत्रवैद्यांनीं उपचार करून व निरनिराळे चष्मे देऊन त्यांस पुन्हा दिसूं लागेल असें केलें. दृष्टि येतांच त्यांनीं काम पूर्ववत् सुरू केलें.

विलायतेस जाऊन यंत्र आणल्यावांचून पुढें कांहीं होणार नव्हतें, आणि गांठीं तर पैसा नाहीं. आयुष्याचा विमा होता, तो गहाण टाकून स्नेह्याकडून दहा हजार रुपये उभे केले, व १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते बोटींत बसले. लंडनमध्यें ओळख कोणाची नव्हती. रस्त्यानें जातां बायस्कोप नांवाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली. आपण या पत्राचे वर्गणीदार आहों एवढ्या पुंजीवर ते सरळ संपादकांच्या खोलींत गेले. संपादकानें प्रथम त्यांना या भरींस न पडण्याचा सल्ला दिला, कारण विलायतेंतही त्या धंद्यांत पुष्कळ लोक बुडत होते. परंतु या गृहस्थाची जिद्द पाहून त्यानेंच त्यांस सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रपटकाराकडे पाठविलें. हेपवर्थ यांनीं आपला सर्व कारखाना मोकळेपणानें दाखविला. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र व इतर सामान घेऊन दोन महिन्यांच्या आंत, १ एप्रिल १९१२ रोजीं, फाळके मुंबईस परत आले.

आतां भांडवल कोण देणार? तोंडच्या गोष्टींवर विश्वास ठेवील असा सावकार मिळेना. तेव्हां फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि त्याचें रोज एक चित्र याप्रमाणें सुमारें महिनाभर चित्रें घेतलीं. तीं सलग दाखवितांच डोळ्यांदेखत अंकुर फुटला, पानें उलगडलीं आणि वेल वाढला! महिन्याचें काम निमिषांत झालेलें पाहून पैसेवाल्यांची खात्री पटली. तरीही मिळालेली रक्कम अपुरी पडली, आणि सरस्वतीबाईंनीं आपले दागिने काढून दिले.

या बाईंविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें आम्ही अगत्याचें समजतों, कारण जेथें तेथें नांव येतें तें पतीचें. त्या काळीं फिल्म विलायतेहून कोरी येई. तिच्या कडांस भोकें पाडल्यावांचून ती यंत्रांत चालत नसे, आणि उजेड लागला कीं ती फुकट जाई. दिवसभर घरकाम करून रात्रीं अंधाऱ्या खोलींत बसून सरस्वतीबाई शेंकडों फूट फिल्मला भोकें पाडीत. फिल्म धुण्याचीं औषधें त्या मिसळीत. चित्रण चालू असतां उजेड परतविण्यासाठीं पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हांत उभ्या राहत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा असे. नाटकांत किंवा चित्रांत काम करणाऱ्यांस त्या वेळीं समाजांत मान नव्हता, म्हणून बाहेर विचारलें तर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत आहों असें सांगावें, असा पाठ मंडळींस दिलेला होता.

पात्रें मिळविण्याचा इतिहास तर करमणुकीचा आहे. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके झाले. रोहिदासासाठीं कोणी आपलें मूल देईना, कारण अरण्यांत त्याला सर्प डसून मृत्यु येतो. तेव्हां फाळक्यांनीं आपल्या भालचंद्रालाच पुढें केलें. तारामतीची अडचण सर्वांत मोठी. स्त्रियांपैकीं कोणी यावयास तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळींत काम करणारे अण्णा साळुंके दृष्टीस पडले. नाजूक बांधा, निमुळतीं बोटें. फाळक्यांनीं त्यांस दरमहा पंधरा रुपये कबूल केले, आणि आपल्या देशाच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची राणी त्या खाणावळीच्या स्वयंपाकघरांतून आली.

सहा महिने व सत्तावीस दिवस खपून ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा राजा हरिश्चंद्र तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडवरील ऑलिंपिया चित्रगृहांत निमंत्रितांसाठीं खेळ झाला, आणि ३ मे रोजीं कॉरोनेशनमध्यें तो सर्वांस खुला झाला. त्या दिवसांत केवळ चित्रावर लोक येतील असा भरंवसा चालकांस नसे. म्हणून जोडीला नाच, एक विनोदी प्रवेश, पायांनीं वस्तु झेलणारा खेळगडी आणि लहानसहान हास्यचित्रें असा पुष्कळ मसाला घातलेला होता. पण प्रेक्षक आले ते हरिश्चंद्रासाठीं. ज्या कथा आजीच्या तोंडून किंवा कीर्तनांत ऐकल्या, त्या डोंब, स्मशान व विश्वामित्रासह भिंतीवर जिवंत झालेल्या पाहून गिरगांवकर थक्क झाले. एका आठवड्यासाठीं ठरलेला खेळ पुढें वाढवावा लागला. पडद्यावरील मजकूर हिंदी व इंग्रजी अशा दोन भाषांत होता. ज्यांना वाचतां येत नसे त्यांना शेजारचा मनुष्य वाचून दाखवी, आणि त्याचीही एक गर्दी होई.

या चित्रगृहाचे चालक नानासाहेब चित्रे यांचें नांव येथें घेतलें पाहिजे. देशी चित्रास त्यांनीं जागा दिली ती हरिश्चंद्राच्याच वेळीं नव्हे. त्यापूर्वीं एक वर्ष, १८ मे १९१२ रोजीं, रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा श्रीपुंडलीक याच कॉरोनेशनमध्यें लागला होता, व चित्रे यांचें त्यास सहाय्य होतें. यावरून पहिला मान कोणाचा, असा वाद अद्यापि चालतो. श्रीपुंडलीक हें रंगभूमीवर चाललेल्या नाटकाचें चित्रण होतें, कॅमेरा एका इंग्रज गृहस्थानें चालविला, आणि फिल्म धुण्यास लंडनला गेली. फाळक्यांनीं कथेपासून धुलाईपर्यंत सर्व येथेंच केलें, आणि लांबीही त्याच्याहून कितीतरी अधिक. म्हणून फाळक्यांस जनक म्हणणें आम्हांस योग्य वाटतें. तथापि तोरण्यांचें नांव पुसून टाकणें हा अन्याय होय. वादी दोघे असले तरी घर एकच, आणि तें कॉरोनेशन.

मुंबईबाहेर मात्र सर्वत्र असें स्वागत झालें नाहीं. सुरतेस पहिल्या खेळास अवघे तीन रुपये जमले अशी कथा सांगतात. तेथील लोकांना थोड्या पैशांत पांच-सहा तासांचें नाटक पाहण्याची संवय. तासाभराचा खेळ त्यांच्या हिशेबांत बसेना. मग फाळक्यांनीं जाहिरात लाविली कीं, अवघ्या तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें पाहावयास मिळतील व चित्राची लांबी दोन मैल आहे. दुसऱ्या दिवसापासून गर्दी लोटली. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित अवश्य करून पाहावें. फिल्मच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. ३,७०० फुटांची ५९,२०० होतात. म्हणजे चित्रांचा आंकडा बहुतेक प्रामाणिक आहे. दोन मैलांचा मात्र नाहीं. मैलाचे फूट ५,२८० धरले तर ही फिल्म पाऊण मैलही भरत नाहीं!

१९१३ सालींच फाळक्यांनीं आपलें बिऱ्हाड व कारखाना नाशिकास हलविला. तेथें मोहिनी भस्मासुर झाला, आणि त्यांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला यांनीं काम करून स्त्रियांसाठीं बंद असलेलें दार उघडलें. ही कमला पुढें कमलाबाई गोखले म्हणून नांवाजली. १९१४ सालीं आपलीं चित्रें घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणत्यांनीं त्यांची कारागिरी वाखाणली, व तेथेंच राहून चित्रें काढण्याबद्दल त्यांस भरघोस वेतन देऊं केलें. नाशिकच्या कारखान्यांतील माणसें वाऱ्यावर पडतील म्हणून त्यांनीं तें नाकारलें. परत येतात तों महायुद्ध पेटलें, कोरी फिल्म मिळेना आणि भांडवलदारांनीं हात आंखडले. तरी नोकरांचे पगार चालू ठेवण्यासाठीं घरांतील उरलेसुरलें सोनें मोडण्यांत आलें.

हे दिवस पालटले ते १९१७ सालच्या लंकादहनानें. यांत राम आणि सीता हीं दोन्ही कामें एकट्या अण्णा साळुंक्यांनीं केलीं. चतुर प्रेक्षकांस सीतेच्या दंडांचे स्नायू दिसत, पण त्याचें कोणास कांहीं वाटत नसे. मुंबईस वेस्ट एंड चित्रगृहांत सकाळीं सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. पुण्यास आर्यन सिनेमांत इतकी झुंबड उडाली कीं, दारें मोडावयाची वेळ आली. मद्रासेस जमलेलीं नाणीं पोलिसांच्या पहाऱ्यांत बैलगाडींतून न्यावीं लागलीं असें सांगतात. पडद्यावर श्रीराम दिसतांच कित्येक लोक हात जोडून उभे राहत. तेव्हां मंडईजवळचें आर्यन पुण्यांत नवें होतें. गंगाधरपंत पाठक यांनीं तें १९१५ सालीं उघडलें, आणि पुण्याला कायम चित्रगृह मिळालें तें प्रथम त्यांच्यामुळें. फाळक्यांचे चित्रपट पुणेकरांनीं पाहिले ते बहुतेक तेथेंच.

या यशानें मोठे भांडवलदार नाशिकास आले. १९१८ च्या आरंभीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. त्याच वर्षीं श्रीकृष्णजन्म व पुढील वर्षीं कालियामर्दन हे चित्रपट बाहेर पडले. दोहोंतही बाळकृष्ण झाली होती ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. डोहांत सर्पाशीं झुंजणारी ती चिमुकली आजही उरलेल्या रिळांत पाहावयास मिळते. आम्हांस ती फाळक्यांच्या सर्व कामांत अतिशय गोड वाटते. परंतु भागीदार व फाळके यांचा मेळ येथेंही बसला नाहीं. एकास खर्चाचा हिशेब हवा, दुसऱ्यास हवें तसें चित्र होईपर्यंत खर्च करावयाचा. दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. पण हट्ट मात्र फाळक्यांचा मोठा होता हें लपविण्याचें कारण नाहीं. ते रागावून काशीस जाऊन राहिले व तेथें रंगभूमि नांवाचें नाटक त्यांनीं लिहिलें. तें नाटक इतकें लांबलचक होतें कीं, एका रात्रींत पुरें करणें कठीण. रंगमंचावर त्याला यश आलें नाहीं. १९२२ च्या सुमारास मंडळींनीं समजूत घालून त्यांस परत आणिलें. नंतरचीं दहा वर्षें त्यांनीं चित्रामागून चित्र काढलें, पण जुनी जादू साधेना. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्यासारखे नवे कलावंत पुढें आले होते, व प्रेक्षकांची रुचि बदलली होती.

त्यांतच पडदा बोलूं लागला. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतल्या मॅजेस्टिक चित्रगृहांत आलमआरा लागला. पुढील वर्षीं प्रभात कंपनीनें अयोध्येचा राजा काढून मराठी बोलपटाचा आरंभ केला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच! एकोणीस वर्षांपूर्वीं मुक्यानें जी कथा सांगून फाळक्यांनीं देश हलविला, तीच आतां गात-बोलत आली, आणि तिला त्यांची गरज उरली नव्हती. त्यांचा शेवटचा मूकपट सेतुबंधन त्याच वर्षींचा. १९३७ सालीं कोल्हापूरच्या छत्रपति राजाराममहाराजांच्या आग्रहावरून त्यांनीं गंगावतरण हा बोलपट दिग्दर्शित केला. तेव्हां त्यांचें वय सदुसष्ट होतें. त्यानंतर त्यांनीं चित्र काढलें नाहीं. सुमारें शंभर लहानमोठीं चित्रें ज्यानें केलीं, त्याच्याजवळ वृद्धापकाळीं संचय असा कांहीं नव्हता. १९३९ सालीं मुंबईस चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हां व्ही. शांताराम प्रभृति मंडळींनीं पुढाकार घेऊन त्यांच्यासाठीं थैली जमविली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. महायुद्धाच्या बातम्यांच्या गर्दींत ती वार्ता पुष्कळांच्या नजरेस पडली नसेल. १९६९ सालीं सरकारनें त्यांच्या नांवानें पुरस्कार सुरू केला, १९७१ सालीं टपालाचें तिकीट निघालें, गोरेगांवच्या चित्रनगरीस त्यांचें नांव लाभलें, व नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं स्मारक झालें.

आतां त्यांच्या कामापैकीं किती शिल्लक आहे, तें सांगावयाचें राहिलें. त्या काळची फिल्म नायट्रेट नांवाच्या द्रव्याची असे. ती सहज पेट घेई, आणि दमट हवेंत तिचा चुरा होई. शिवाय तींत चांदीचा अंश असल्यामुळें जुन्या रिळांची पुष्कळ ठिकाणीं मोड झाली. राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत. आणि तींही १९१७ सालीं फाळक्यांनीं पुन्हा काढलेल्या प्रतीचीं असावीं, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तसें असेल तर कॉरोनेशनमध्यें त्या रात्रीं लोकांनीं जें पाहिलें, त्यांतील एक चित्रही आज कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं. घराची गोष्ट याहून निराळी नाहीं. कॉरोनेशन गेलें, ज्या अमेरिका-इंडियांत फाळक्यांस प्रेरणा झाली तेंही गेलें, आणि बोलपटाचा पहिला आवाज जेथें उठला तें मॅजेस्टिकही पाडण्यांत आलें. पुण्याचें आर्यन त्यांच्यापेक्षां अधिक टिकलें. मूकपट संपले, बोलपट आले, रंगीत चित्रें आलीं. तेथें खेळ चालूच होते. १९८३ सालीं तें जमीनदोस्त झालें व त्या जागीं गाड्या उभ्या करण्याची सोय करण्यांत आली. मंडईंत भाजी घेण्यास येणारे पुणेकर आपली गाडी आर्यनला लाविली असें आजही सांगतात.